लाटेक शिकायचंय, पण कोणत्या पुस्तकावरून?

पत्र थोडक्यात असं: निमशहरी गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी बीजगणित आणि भूमितीचा सरावसंच त्या स्वतः तयार करत आहेत. वर्डमध्ये साठेक पानं झाल्यावर समीकरणं जागा सोडू लागली, आकृत्या पुढच्या पानावर पळू लागल्या आणि प्रश्नांचे क्रमांक विस्कटले. कुणीतरी लाटेक सुचवलं, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. एका निवृत्त प्राध्यापकांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकवरच्या पुस्तकाची १९८६ ची आवृत्ती दिली. त्यातलं पहिलं उदाहरण चाललं, पण मराठी फॉन्टसाठी कुणी सांगितलेली ओळ त्यात घातली की संगणक अडतो. म्हणून त्यांनी 'द लाटेक कंपॅनियन'ची २००४ ची आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली. हजारावर पानं आहेत आणि चाळिसाव्या पानाच्या पुढे गाडी जात नाही. त्यांचा प्रश्न: "सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं शिकवणारं एकच चांगलं पुस्तक सांगा, शक्यतो मराठीतलं. ते पूर्ण वाचून झालं की काम सुरू करीन. क्लास लावावा का? की हे माझ्या आवाक्यातलंच नाही?" संच जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत हवा आहे.

नमस्कार मॅडम,

आवाक्याचं आधी बोलू, कारण पत्रात ते शेवटी आलं असलं तरी खरं दुखणं तेच दिसतं. तुम्ही अडलात त्यात तुमची काही चूक नाही. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी उत्तम आहेत, फक्त तुमच्या कामाची नाहीत.

लॅम्पोर्ट यांनीच लाटेक लिहिलं, आणि त्यांच्याइतकं स्वच्छ लिहिणारे तांत्रिक लेखक थोडेच. पण १९८६ ची आवृत्ती लाटेक २.०९ या जुन्या रूपाची आहे. त्या काळी फाइलची पहिली आज्ञा 'डॉक्युमेंटस्टाइल' असायची. १९९४ मध्ये लाटेक-टू-ई आलं, तेव्हा ती जागा 'डॉक्युमेंटक्लास'ने घेतली. आजचं लाटेक जुनी आज्ञा दिसली की मोडता न घालता जुन्या काळासारखं वागायला लागतं, म्हणून तुमचं उदाहरण चाललं. मात्र त्या अवस्थेत पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची जादा सोय, मागवणारी 'यूजपॅकेज' ही आज्ञा त्याला मंजूर नसते, आणि मराठी फॉन्ट तर पॅकेजशिवाय येतच नाही. पहिल्या ओळीत 'डॉक्युमेंटक्लास' लिहा, तो अडथळा तिथेच संपेल.

'कंपॅनियन'चं उलट आहे. ते कपाटात ठेवून गरजेला उघडायचं पुस्तक आहे. पान १ पासून वाचत गेलं तर कुणीही चाळिसाव्या पानावर थकेल, कारण 'फाइल कशी लिहायची' हे वाचणाऱ्याला आधीच येतं असं ते धरून चालतं. त्याची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये दोन खंडांत आली. पुढेमागे शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्यायची असेल तर तीच घ्या, पण आत्ता नको.

आता तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी जरा तपासून पाहू: एकच पुस्तक, सगळं शिकवणारं, आणि पूर्ण वाचून मग काम.

अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवरची पुस्तकं साधारण तीन जातींची असतात. काही हात धरून शिकवतात, काही संदर्भासाठी असतात, आणि काहींत नुसते तयार नमुने असतात. नवशिक्याला पहिल्या जातीचं लागतं आणि तो हमखास दुसऱ्या जातीचं घेऊन येतो, कारण ते जाड असतं आणि 'यात सगळं आहे' असं वाटतं. त्यात सगळं असतंही. पण तुमच्या सरावसंचाला त्यातला फार तर विसावा भाग लागणार. कोणता, हे पुस्तकाला ठाऊक नाही, तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून पुस्तक निवडण्याआधी संचातलं एक पान कागदावर काढा: वर धड्याचं नाव, खाली क्रमांक असलेले प्रश्न, एका प्रश्नात समीकरणांची जोडी, एकात त्रिकोण, उजव्या कडेला गुण, मागे उत्तरं. ज्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत हे सापडेल ते तुमचं.

'पूर्ण वाचून मग काम' हा बेत मात्र सोडाच. लाटेक वाचून लक्षात राहत नाही. आज्ञा टंकाव्या लागतात, चुकाव्या लागतात, आणि संगणकाने दिलेला चुकीबद्दलचा निरोप वाचावा लागतो. पंधरा पानं वाचलीत की तुमच्याच संचातला एक प्रश्न जुळवा.

पुस्तक हातात आलं की विकत घेण्याआधी पाच मिनिटं चाळायचं. पहिल्या उदाहरणात 'डॉक्युमेंटस्टाइल' दिसलं तर ठेवून द्या. सूचीत फॉन्टस्पेक (फॉन्ट निवडायचं पॅकेज), झीलाटेक किंवा लुआलाटेक (लाटेकची फाइल चालवणारे, युनिकोड फॉन्ट वापरू शकणारे प्रोग्राम) यांपैकी एकही नाव नसेल तर त्या पुस्तकाने देवनागरीचा विचार केलेला नाही. आकृत्या फक्त ईपीएस स्वरूपात घालायला सांगत असेल आणि डीव्हीआय फाइलवरून पोस्टस्क्रिप्ट काढायला लावत असेल, तर ते जुन्या वाटेचं आहे. आता थेट पीडीएफ निघते. गणिताच्या प्रकरणात ओळीखाली ओळ समीकरणं जुळवायला 'इक्यूएनअरे' शिकवत असेल तर सावध व्हा, कारण त्यात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नको तेवढी जागा सुटते. 'एएमएसमॅथ' पॅकेजमधलं 'अलाइन' शिकवणारं पुस्तक हवं. 'इनपुटएन्क' पॅकेज यूटीएफ-८ सह घालायला सांगितलं असेल तर बिघडत काही नाही, २०१८ पासून ते आपोआप गृहीत धरलं जातं, एवढाच त्याचा अर्थ. आणखी दोन गोष्टी बघा: उदाहरणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण छापली आहेत की नुसते तुकडे, आणि चुकांच्या निरोपांवर वेगळं प्रकरण आहे की नाही. तुकडे छापणारं पुस्तक नवशिक्याला रडवतं, कारण तुकडा कुठे चिकटवायचा हे त्याला कळत नाही.

आता नावं घेऊ. विकतचं एकच घ्यायचं तर श्टेफान कॉटविट्झ यांचं 'लाटेक बिगिनर्स गाइड', पण २०२१ ची दुसरी आवृत्ती. जुन्या दुकानात २०११ ची मिळेल, ती नको. यात प्रत्येक गोष्ट करून दाखवून मग का केली ते सांगितलं आहे. विकत घ्यायचंच नसेल तर टोबियास एटिकर आणि सहकाऱ्यांचं 'द नॉट सो शॉर्ट इंट्रोडक्शन टू लाटेक-टू-ई' मोफत आहे. त्याचं उपशीर्षक 'इतक्या मिनिटांत लाटेक' असं सांगतं, आणि मिनिटांचा आकडा पानांच्या संख्येइतकाच असतो. पानं वाढली की मिनिटंही वाढतात. त्या मिनिटांवर विश्वास ठेवू नका, पुस्तकावर ठेवा. तुम्हाला त्यातला मजकूर जुळवण्याचा भाग आणि गणिताचा भाग पुरेल. तिरुवनंतपुरमच्या इंडियन टेक यूझर्स ग्रुपने २००३ मध्ये काढलेलं 'लाटेक ट्यूटोरियल्स: अ प्रायमर' हेही मोफत आहे आणि त्याचं इंग्रजी आपल्याला सोपं जातं, पण साल लक्षात ठेवा, फॉन्टबद्दल ते सांगेल ते सोडून द्या. डोनाल्ड कनूथ यांचं १९८४ चं 'द टेकबुक' कुणी आदराने पुढे केलं तर आदरानेच बाजूला ठेवा. लाटेक ज्या टेकवर उभं आहे त्याबद्दलचं ते पुस्तक आहे, आणि तुम्हाला सध्या तितक्या खोलात उतरायची गरज नाही.

मराठीत हवं, असं तुम्ही लिहिलंय. लर्नलाटेक नावाच्या मोफत अभ्यासक्रमाचे १६ धडे मराठीतही आहेत. माझ्या मते तुम्ही सुरुवात तिथूनच करावी, विकतच्या पुस्तकाच्याही आधी. धडे लहान आहेत, उदाहरणं पूर्ण आहेत आणि ती तिथल्या तिथे चालवून बघता येतात. रोज एक धडा केला तरी तीन आठवड्यांत संपतात. पण 'मराठी पुस्तक मिळालं की मराठी जुळणी आपोआप येईल' असं मात्र समजू नका. आज्ञा इंग्रजीच राहणार, आणि त्या पन्नासेक आज्ञांसाठी फार इंग्रजी लागत नाही. मराठीसाठी खास असं जे लागतं ते फाइलच्या सुरुवातीच्या चार-पाच ओळींत मावतं, आणि बहुतेक इंग्रजी पुस्तकं नेमकं तेच सांगत नाहीत. म्हणून ते इथेच सांगतो.

फाइल झीलाटेकने चालवा, पीडीएफलाटेकने नाही. पीडीएफलाटेकला युनिकोडचे ओपनटाइप फॉन्ट वापरता येत नाहीत. देवनागरी अक्षर दिसलं की 'युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप' असा निरोप येतो आणि नवशिका आपलंच काही चुकलं असं धरून बसतो. ओव्हरलीफवर, म्हणजे ब्राउझरमध्येच लाटेक चालवणाऱ्या संकेतस्थळावर, काम करत असाल तर मेनूमध्ये कंपायलर बदलून झीलाटेक करायला विसरू नका, नव्या प्रकल्पात तो बहुधा पीडीएफलाटेक असतो. मग फॉन्टस्पेक पॅकेज घाला, मुख्य फॉन्ट 'शोभिका' ठेवा आणि त्याच्या चौकटी कंसात लिपी देवनागरी असल्याचं सांगा. शोभिका आयआयटी मुंबईत तयार झालेला खुला फॉन्ट आहे, टेक लाइव्हबरोबर (लाटेक आणि त्याची पॅकेजं एकत्र देणारा गठ्ठा) येतो, आणि त्यात रोमन अक्षरंही असल्यामुळे मजकुरात एखादा इंग्रजी शब्द आला तर वेगळा फॉन्ट लावावा लागत नाही. लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं मोडतात, र्‍हस्व वेलांटी भलत्या जागी बसते. लुआलाटेक वापरायचं ठरवलंत तर फॉन्टला 'रेंडरर हार्फबझ' असंही सांगावं लागतं. झीलाटेकमध्ये ती भानगड नाही. शेवटी पॉलिग्लॉसिया पॅकेज घालून मुख्य भाषा मराठी ठेवा. याचे दोन फायदे. एक, ओळीच्या शेवटी लांब शब्द कुठे तोडायचा हे लाटेकला कळतं. नाहीतर 'विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा'सारखा शब्द समासात घुसतो आणि 'ओव्हरफुल एचबॉक्स' अशी नोंद येते. दोन, काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, ते भाषा मराठी सांगितल्यावरच वापरात येतात (फॉन्टस्पेकच्या ओळीतही भाषा लिहिली तर उत्तम).

एवढं झालं की एक चाचणी ओळ जुळवून बघा: दुसऱ्या, ऱ्हास, कर्तृत्व, विद्वत्ता, कार्त्स्न्य, क्ष, ज्ञ. ही नीट उमटली तर पाया पक्का. याच विषयावर, म्हणजे मराठी आणि पॉलिग्लॉसिया यांवर, टेक लाइव्हमध्ये एक छोटं मार्गदर्शक आहे. टर्मिनलवर टी-ई-एक्स-डी-ओ-सी ही अक्षरं, मग जागा सोडून एल-ए-टी-ई-एक्स, हायफन, एम-आर असं सगळं लहान लिपीत टंकलं की ते उघडतं. ही 'टेकडॉक' आज्ञा लक्षात ठेवाच. पुढे जागा सोडून पॅकेजचं नाव लिहायचं, की त्या पॅकेजची पुस्तिका समोर येते. वर सांगितलेलं एटिकर यांचं पुस्तकही असंच उघडतं, नाव 'एलशॉर्ट'. टेक लाइव्ह पूर्ण घेतलं तर ७–८ जीबी जागा लागते, पण मग बरीचशी ग्रंथसंपदा इंटरनेट नसतानाही हाताशी राहते. गावात नेट रडतखडत चालत असेल तर हे ओव्हरलीफपेक्षा सोयीचं.

गणिताच्या मराठी मजकुरात तीन गोष्टी हटकून नडतात, आणि तिन्हींत संगणक थांबत नाही. टक्क्याचं चिन्ह लाटेकमध्ये 'इथून पुढची ओळ वाचू नको' असं सांगतं. 'द. सा. द. शे. १२' नंतर ते चिन्ह टाकलंत तर उरलेलं वाक्य छपाईतून नाहीसं होतं, चुकीबद्दलचा निरोपही येत नाही. त्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. दुसरं, डॉलरच्या चिन्हांमधल्या गणिताच्या भागात 'जर', 'म्हणून' किंवा देवनागरी अंक लिहिले तर ते गायब होतात, कारण गणिताच्या फॉन्टमध्ये ती अक्षरंच नसतात. लॉग फाइलमध्ये (दर फेरीच्या नोंदींची फाइल) 'मिसिंग कॅरेक्टर' एवढी नोंद मिळते. शब्द असतील तर 'टेक्स्ट' आज्ञेच्या महिरपी कंसात लिहा. अंकांबद्दल आधीच निर्णय घ्या: समीकरणांत सरळ इंग्रजी अंक ठेवले तर निम्मे ताप वाचतात, पानांचे क्रमांक देवनागरी हवेत की इंग्रजी हे पॉलिग्लॉसियाला वेगळं सांगता येतं. तिसरं, 'प्रश्न क्र. ५ पाहा' असा संदर्भ दिल्यावर तिथे दोन प्रश्नचिन्हं उमटली तर घाबरू नका. लाटेक क्रमांक एका फेरीत टिपून ठेवतं आणि पुढच्या फेरीत वापरतं, म्हणून फाइल दोनदा चालवायची.

आणि संगणक थांबला तर? निरोपांची रांग लागली तरी फक्त पहिला वाचा. त्यात ओळीचा क्रमांक असतो. तो दुरुस्त केला की खालचे बरेचसे आपोआप जातात.

संचासाठी 'एक्झाम' नावाचा डॉक्युमेंटक्लास (पहिल्या ओळीत नाव देऊन निवडायचा तयार साचा) घ्या. पुस्तकांत त्यावर क्वचित दोन पानं असतात, पण त्याची स्वतःची पुस्तिका सुरेख आहे. प्रश्न, उपप्रश्न आणि गुण तो आपोआप मांडतो, आणि उत्तरं त्याच फाइलमध्ये प्रश्नाखाली लिहिता येतात. पहिल्या ओळीत 'आन्सर्स' हा पर्याय घातला की शिक्षकांची प्रत निघते, काढला की मुलांची. 'पॉइंटपॉइंट्स' आज्ञेने 'पॉइंट्स'च्या जागी 'गुण' करता येतं, 'सोल्यूशनटायटल' नव्याने ठरवून 'उत्तर'. भूमितीच्या आकृत्यांसाठी टिक्झ हे पॅकेज. त्याच्या पुस्तिकेची पानं हजाराच्या वर आहेत, पण बिचकू नका: तिच्यातला पहिलाच पाठ गणित आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका माध्यमिक शिक्षकाला वर्गासाठी आकृती काढायची आहे, असं धरून लिहिलेला आहे, आणि पुढचा एक पाठ युक्लिडच्या भूमितीवर आहे. तेवढे दोन करा. तेही जड वाटलं तर जिओजेब्रात आकृती काढून ती टिक्झच्या रूपात निर्यात करता येते. निघालेला मजकूर जरा पसरट असतो, पण चालतो.

वर्डमधली साठ पानं वाया जाणार नाहीत, मात्र ती कशात टंकली आहेत ते बघा. मंगलसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये असतील तर मजकूर सरळ उचलता येईल. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर फॉन्ट बदलल्यावर भलतीच रोमन अक्षरं दिसतील. आधी रूपांतर करावं लागेल, आणि नंतर रफार व र्‍हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागेल, कारण रूपांतर तिथेच घसरतं. समीकरणं नव्याने टंकणं केव्हाही बरं. सराव होतो आणि वर्डमधला गाळ सोबत येत नाही.

क्लासबद्दल: फी भरून नको. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लाटेकचे मोफत पाठ भारतीय भाषांतल्या आवाजासह आहेत. ऐकत ऐकत हाताने करायची सवय असेल तर ते पुस्तकाच्या जोडीला घ्या.

हेच उत्तर वाचून एखादा दिवाळी अंक किंवा शाळेची स्मरणिका जुळवायला निघालेल्यांनी मात्र थांबावं. दर पानाची मांडणी वेगळी, चित्राभोवती वळणारा मजकूर, रंगीत चौकटी असं काम लाटेकमध्ये होतं, पण जिवावर येतं. तिथे इनडिझाइन किंवा स्क्रायबस ही पानं मांडायची सॉफ्टवेअर वापरा. त्यांच्या पुस्तकांचं वय आणखी लवकर होतं, कारण ती मेनू कुठे आहे ते दाखवतात आणि मेनू जागा बदलतात. स्क्रायबसचं पुस्तक १.४ किंवा त्याआधीच्या आवृत्तीचं असेल तर मराठीसाठी उपयोग नाही, तेव्हा देवनागरी जोडाक्षरं नीट बसतच नसत. ती सोय १.५ च्या मालिकेत आली आणि २०२४ च्या १.६ मध्ये पक्की झाली. इनडिझाइनच्या पुस्तकात 'वर्ल्ड-रेडी कंपोझर'चा (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) उल्लेख आहे का ते बघा. पेजमेकरचं पुस्तक फुकट मिळालं तरी नको, २००१ च्या ७.० नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही.

तुमच्यापुरतं वेळापत्रक असं ठेवा. पहिले तीन आठवडे मराठीतले १६ धडे आणि वरची चाचणी ओळ. चौथ्या आठवड्यात 'एक्झाम' घेऊन संचातला सगळ्यात छोटा धडा जुळवा, आकृत्यांच्या जागा रिकाम्या ठेवून. मग एलशॉर्टमधलं गणिताचं प्रकरण समोर ठेवून बीजगणिताचे धडे, आणि आकृत्या सगळ्यात शेवटी. प्रत्येक धडा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि मुख्य फाइलमधून 'इन्क्लूड' करा, म्हणजे एका धड्यातली चूक शोधायला सगळा संच उलथापालथा करावा लागणार नाही. फाइलींची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कॉटविट्झ यांचं पुस्तक दोन धडे जुळवून झाल्यावर मागवा. तोवर आपल्याला काय येत नाही याची यादी तुमच्याकडे तयार असेल, आणि तेव्हा ते विकत घ्यायची गरज उरली आहे का, हेही कळेल.